गच्चीवरचा अँटेनाचा खांब आणि खालचं जुनं काँक्रीट

बेळगावजवळच्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात ओल काँक्रीटमध्ये मुरते आणि सळई आतून गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटतं. अशा गच्चीवर नुसता गिलावा मारला की वर्षभर छान दिसतो, आत गंज चालूच राहतो.

आधी खांबाच्या तळाची बेस प्लेट कशावर आहे ते पाहा. खाली कॉलम हवा. नुसत्या स्लॅबवर किंवा पॅराफिटवर उभा खांब दुसरीकडे हलवायचाच, त्याला दुसरा उपाय नाही. वजनापेक्षा वारा घातक: सेकंदाला 40 मीटर वाऱ्यात 1.2 मीटर व्यासाच्या डिशवर साधारण 130 किलोचा रेटा येतो. ती 6 मीटर उंच असेल तर तळाशी जवळजवळ 800 किलोग्रॅम-मीटरचा मोमेंट (खांब उलथवू पाहणारा जोर), खांबावरचा वारा वेगळाच.

मग हातोडीने ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. काँक्रीट ताजं फोडून फिनॉल्फ्थॅलिन (काँक्रीटची क्षारता दाखवणारं द्रावण) फवारा. गुलाबी झालं तर ठीक. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचला असेल तर तिचं संरक्षण संपलं. सळई घासून व्हर्नियरने मोजा. 16 मिमीची 14 राहिली तर ‘दोनच मिमी गेले’ म्हणू नका, क्षेत्रफळ 23 टक्के घटलं. तिथे जोडसळई लागते, किती ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच ठरवेल.

दुरुस्ती दिवाळीनंतर सुरू करून वळवाच्या आत उरका. ट्रान्समीटर बंद, अँटेना खाली, बीमला टेकू, मगच तोडकाम. सळईच्या मागेही 20-25 मिमी मोकळं करा, नाहीतर मागचा गंज तसाच राहतो. चकचकीत घासून झिंक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर थराथराने. कॉलमच कमकुवत असेल तर जॅकेटिंग, म्हणजे त्याच्याभोवती सळया आणि नवं काँक्रीट: प्रत्येक बाजूला किमान 100 मिमी, नवं काँक्रीट जुन्यापेक्षा निदान 5 एमपीए (काँक्रीटच्या ताकदीचं माप) सरस, आणि नव्या उभ्या सळया स्लॅबमधून आरपार नेऊन खालच्या कॉलमला जोडलेल्या. स्लॅबशी थांबवल्या तर मोमेंट खाली उतरतच नाही.

केमिकल अँकर, म्हणजे भोकात रसायनाने चिकटवलेले प्लेटचे बोल्ट, उपटतात ते बहुधा भोकातल्या धुळीमुळे. फुंकणी, ब्रश, पुन्हा फुंकणी, आणि भोक कोरडं. प्लेटखाली न आकसणारा ग्राउट (पातळ सिमेंट मसाला) भरून कडेला उतार द्या, पाणी साचता कामा नये. पहिल्या पावसाळ्यानंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.