गरोदरपणात कोणते पदार्थ टाळायचे, हे कसे ठरवावे

घरात दिवस गेल्याची बातमी कळली की आठवड्याभरात गर्भवतीच्या ताटातून एकेक पदार्थ कमी होऊ लागतो. सासूबाई पपई बंद करतात, आई तिळाचे नाव काढू देत नाही, शेजारच्या काकू वांगे वर्ज्य ठरवतात आणि मोबाइलवर फिरत आलेल्या यादीत अननसही असतो. प्रत्येकीच्या सांगण्यामागे मायाच असते. पण या सगळ्या सूचना एकाच वेळी पाळल्या, तर खायला वरणभात आणि चहा-बिस्किटे यांपलीकडे फारसे काही उरत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याचे आढळले. अशा परिस्थितीत विनाकारण वगळलेला प्रत्येक सकस पदार्थ आईला महागात पडतो. म्हणून टाळायच्या पदार्थांची यादी आखूड असावी आणि तिच्यातील प्रत्येक नावापुढे कारण लिहिता आले पाहिजे.

पायरी १ : पदार्थ कोणत्या कारणाने टाळायचा ते आधी पाहा

कोणताही पदार्थ समोर आला की क्रमाने तीन गोष्टी तपासाव्यात. तो कच्चा, अर्धवट शिजलेला किंवा उघड्यावर राहिलेला असल्यामुळे त्यातून जंतू पोटात जाण्याची शक्यता आहे का? शिजवूनही नाहीसा न होणारा आणि वारेतून बाळापर्यंत पोहोचणारा एखादा घटक त्यात आहे का? आणि या दोन्हींची उत्तरे नकारार्थी असतील, तर तो केवळ रूढीमुळे किंवा जळजळीसारख्या त्रासामुळे नको वाटतो आहे का? पहिल्या प्रकारात पदार्थ सोडण्याची गरज बहुधा नसते, तो करण्याची पद्धत बदलावी लागते. दुसऱ्या प्रकारात प्रमाण ठरवावे लागते किंवा पदार्थ पूर्ण बंद करावा लागतो. तिसऱ्या प्रकारातला निर्णय ज्या बाईला तो पदार्थ खायचा आहे, तिचाच असावा.

पायरी २ : दूध आणि पाणी यांपासून सुरुवात करा

कोल्हापुरात या विषयाची सुरुवात दुधापासूनच करावी लागते. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस डोळ्यांदेखत पिळून फेसाळ धारोष्ण दूध पेल्यात घेण्याची येथील सवय जुनी आहे. ते दूध अंगी लागते, म्हणून गर्भवतीसाठी मुद्दाम तांब्याभर घरी आणणारेही आहेत. गरोदरपणाचे नऊ महिने मात्र हे दूध न तापवता पिऊ नये. म्हैस निरोगी दिसली, गवळी ओळखीचा असला आणि भांडे लखलखीत असले, तरी कच्च्या दुधात लिस्टेरिया, ब्रुसेला आणि साल्मोनेला हे जंतू असू शकतात. यांपैकी लिस्टेरिया सर्वांत कावेबाज आहे, कारण तो फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो आणि आईला केवळ कणकण व अंगदुखी जाणवत असताना गर्भापर्यंत पोहोचून गर्भपात किंवा मृत बाळाचा जन्म घडवू शकतो. इतर निरोगी माणसांच्या तुलनेत गर्भवतीला त्याचा संसर्ग होण्याची शक्यता सुमारे दहा पट असते.

उपाय अगदी साधा आहे. दूध चांगले उकळी फुटेपर्यंत तापवावे, झाकून ठेवावे आणि मगच प्यावे. उकळल्याने दुधातील कॅल्शियम किंवा प्रथिने नाहीशी होत नाहीत. गोकुळसारख्या पिशवीतील दूध पाश्चरीकृत असते, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून लगेच थंड केलेले असते. तरीही घरी आणून उकळण्याची आपली पद्धत चालू ठेवावी. उकळलेल्या दुधाचे विरजण लावलेले दही आणि त्याचे ताक निर्धास्तपणे घ्यावे. खरवस चिकाचा असला तरी तो पूर्ण उकडलेला असल्यामुळे ताजा असेल तर चालतो. सुटे पनीर मात्र कच्चे न खाता भाजीत शिजवून खावे.

पाण्याबाबत दुधापेक्षाही अधिक सावध राहावे. दूषित पाण्यातून पसरणारी ई प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांची आपोआप बरी होते; परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ती झाल्यास २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. आपल्या जिल्ह्याला हा धोका नवा नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, आणि २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर पिण्याच्या पाण्याची काय अवस्था झाली, हे पंचगंगेकाठच्या गावांना सांगायला नको. म्हणून पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे आणि प्रवासात आपली बाटली सोबत ठेवावी. उसाच्या रसाचा धोका उसात नसून बर्फात, चरकात आणि पेले विसळण्याच्या बादलीत असतो. तो घ्यायचाच असेल, तर स्वच्छ रसवंतीगृहात, बिनबर्फाचा आणि डोळ्यांसमोर काढलेला घ्यावा.

पायरी ३ : मटण, अंडी आणि मासे पारखून घ्या

तांबडा आणि पांढरा रस्सा गर्भवतीने प्यावा की नाही, असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. रस्सा बराच वेळ खळखळ उकळलेला असतो, त्यामुळे जंतूंच्या दृष्टीने तो सुरक्षित आहे. तिखटाने बाळाला इजा होत नाही. छातीत जळजळ होत असेल, तर वरचा कट काढून टाकावा किंवा पांढऱ्यावर भागवावे. पाहायचे आहे ते मटणाच्या तुकड्याकडे. हाडाजवळचे मांस गुलाबी दिसत असेल किंवा दाबल्यावर लालसर पाणी सुटत असेल, तर ते पुन्हा शिजायला टाकावे, कारण अर्धकच्च्या मांसातून टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी शरीरात जाऊ शकतो. खिम्याचे गोळे आणि कबाब बाहेरून खरपूस व आतून कच्चे राहण्याची शक्यता अधिक असते, म्हणून ते मोडून पाहिल्याशिवाय खाऊ नयेत. हाच परजीवी मातीतूनही येतो, तेव्हा कोथिंबीर, मुळा आणि काकडी वाहत्या पाण्याखाली नीट धुवावी.

कलेजीबाबत मात्र घरोघरी चालत आलेली समजूत बदलावी लागेल. रक्त वाढावे म्हणून गर्भवतीला मुद्दाम कलेजी खायला घालतात आणि तिच्यात लोह भरपूर असते, हे खरेच आहे. परंतु तिच्यात रेटिनॉल स्वरूपातील अ जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात साठलेले असते. दिवसाला ३००० मायक्रोग्रॅम ही त्याची वरची मर्यादा असून कलेजीच्या एका वाटीत ती सहज ओलांडली जाऊ शकते. हे अतिरिक्त जीवनसत्त्व, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, बाळाच्या अवयवांच्या घडणीत दोष निर्माण करू शकते, आणि शिजवल्याने ते नष्ट होत नाही. लोहासाठी साधे मटण, अंडी, कडधान्ये, पालेभाज्या आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या गोळ्या पुरेशा आहेत. गाजर-भोपळ्यातील अ जीवनसत्त्वाचा पूर्वघटक मात्र असा अपाय करत नाही.

अंड्याचा पिवळा बलक घट्ट होईपर्यंत शिजवावा. हाफ फ्राय, दुधात फेटलेले कच्चे अंडे आणि गाड्यावरच्या रोलमधील घरगुती मेयॉनीज बाळंतपणानंतरसाठी ठेवावे. समुद्राच्या माशांत शार्क, म्हणजे मुशी किंवा मोरी, पूर्ण टाळावी आणि मोठी सुरमई क्वचितच खावी, कारण मोठ्या शिकारी माशांच्या शरीरात पारा साठत जातो व तो बाळाच्या मेंदूच्या वाढीस बाधक ठरतो. बांगडा, तारली, बोंबील हे लहान मासे आठवड्यातून दोनदा खाण्यास हरकत नाही.

पायरी ४ : चहा, गोड आणि तंबाखू यांचा हिशेब मांडा

कॅफिन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवावे, असा सल्ला प्रसूतितज्ज्ञ देतात. लहान कपभर चहात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम आणि तेवढ्याच फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असते. दोन-तीन कप चहा मर्यादेत बसतो. पण तो जेवणाला किंवा लोहाच्या गोळीला लागून घेतला, तर त्यातील टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळीही एकत्र घेऊ नये.

कोल्हापूरचा गूळ कितीही नावाजलेला असला, तरी रक्तातील साखर वाढवण्याच्या बाबतीत तो साखरेचाच भाऊ आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन दोन तासांनी केलेल्या तपासणीत साखर १४० किंवा त्याहून अधिक आली असेल, तर गूळ, काकवी आणि उसाचा रस यांबद्दल डॉक्टरांनी दिलेलाच सल्ला पाळावा. तपासणी ठीक असल्यास थोडा गूळ खाण्यात वावगे नाही.

दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानलेले नाही. मिशरीला मात्र अनेक बायका तंबाखू मानतच नाहीत, आणि विचारल्याशिवाय डॉक्टरांना सांगतही नाहीत. दात घासण्याच्या निमित्ताने ती बोटभर हिरड्यांवर धरून बसले, तरी निकोटीन रक्तात जातेच आणि बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याची शक्यता वाढते. ती बंदच करावी.

पायरी ५ : रूढीने आलेली बंधने वेगळी काढा

पपईबद्दलची भीती निम्मी खरी आहे. २००२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ न्यूट्रिशनमध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत कच्च्या पपईच्या चिकाने गर्भाशयाचे आकुंचन झाले, तर पूर्ण पिकलेल्या पपईचा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा कच्ची आणि अर्धपिकी पपई टाळावी आणि मटण मऊ होण्यासाठी तिचा कीस लावू नये. पूर्ण पिकलेल्या पपईच्या दोन फोडी खाल्ल्या गेल्या म्हणून रात्रभर जागण्याचे कारण नाही. अननस नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गर्भपात होतो, याला पुरावा नाही. तिळात कॅल्शियम आणि लोह असते. संक्रांतीचा लाडू गर्भवतीच्या हातावरच ठेवायचा नाही, ही रीत सोडून द्यावी. शेंगदाणे, वांगी आणि शेवग्याच्या शेंगाही चालतात.

ग्रहणात दिवसभर उपाशी आणि पाण्याविना बसवणे, किंवा बाळ फार मोठे होऊ नये म्हणून आठव्या-नवव्या महिन्यात जेवण कमी करायला लावणे, या दोन्ही गोष्टी रूढीने निषिद्ध ठरवलेल्या या पदार्थांपेक्षा अधिक अपाय करतात. उलट, भाजकी माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटणे हे घरात डोहाळे म्हणून हसण्यावारी नेले जाते. ते पुष्कळदा लोहाच्या कमतरतेचे लक्षण असते, आणि मातीतून जंत व शिसे पोटात जाऊ शकते. अशा वेळी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. पोट साफ होण्यासाठी एरंडेल किंवा कोणी सांगितलेला काढा डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

पायरी ६ : बाहेर खाताना वाफ पाहा

वाफाळता कट ओतलेली मिसळ, त्यातील मटकी शिजलेली असेल तर, खायला हरकत नाही. कच्ची मोड आलेली मटकी मात्र टाळावी, कारण मोड येण्याच्या उबेत आणि ओलाव्यात जंतूही वाढतात. वर टाकलेला चिरून ठेवलेला कांदा नको म्हणून सांगावे. रंकाळ्यावरची भेळ खावीशी वाटली, तर सुकी घ्यावी, कारण चिंचेच्या चटणीतले पाणी कोणते आहे हे आपल्याला कळत नाही. कापून ठेवलेली फळे घेऊ नयेत.

पायरी ७ : नको ते खाल्ले गेले असेल तर

एकदा कच्चे दूध प्याले गेले किंवा कलेजीचे दोन तुकडे खाल्ले गेले, तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. काय आणि कधी खाल्ले एवढे माता व बालक कार्डाच्या मागे लिहून ठेवावे आणि पुढच्या तपासणीला दाखवावे. लिस्टेरियाची लक्षणे दिसायला कधी कधी ७० दिवसांपर्यंत वेळ लागतो, म्हणून ही नोंद उपयोगी पडते. ताप, सतत उलट्या-जुलाब, डोळे पिवळे दिसणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही आढळल्यास दुकानातून गोळी आणून वाट पाहू नये. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपल्या डॉक्टरांकडे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी जावे. गर्भवतींसाठी १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. लिस्टेरियाची शंका असल्यास रक्ताची कल्चर तपासणी करतात, आणि वेळेत सुरू केलेली प्रतिजैविके बाळाला वाचवू शकतात.