स्नॅपसीडमध्ये फोटो एडिट करताना या चुका टाळा

स्नॅपसीड फुकट आहे, त्यात जाहिराती नाहीत आणि फोटोच्या कोपऱ्यात ते स्वतःचं नावही छापत नाही. निक सॉफ्टवेअर या कंपनीने २०११ मध्ये ते आयपॅडसाठी काढलं. २०१२ मध्ये गुगलने ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षाच्या शेवटी ॲप अँड्रॉइडवरही आलं. इतकं चांगलं साधन लोक एकदा उघडून बघतात आणि काढून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांना हवी ती सोय ॲपमध्ये असते, पण कुठे आहे ते कळत नाही. स्नॅपसीडने बरीचशी कामं बटणांऐवजी बोटांच्या हालचालींवर सोपवली आहेत, आणि नेमकं तेच पडद्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

आधी एक सांगते. आयफोनवर २०२५ मध्ये नवी मांडणी आली, त्यामुळे तिथे काही बटणांच्या जागा बदलल्या आहेत. खालचं सगळं अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं चालत आलेल्या मांडणीनुसार आहे.

"ब्राइटनेस सोडून दुसरं काही दिसतच नाही"

सगळ्यात जास्त लोक इथेच अडतात. टूल्समधून ट्यून इमेज उघडलं की वर फक्त ब्राइटनेस दिसतो. बोट डावीकडे-उजवीकडे सरकवलं की तो कमी-जास्त होतो, आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. फोटोवर बोट ठेवून वर-खाली सरकवा. कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, ॲम्बिअन्स, हायलाइट्स, शॅडोज, वॉर्म्थ अशी सगळी यादी उघडते. आडवं सरकवलं की प्रमाण बदलतं, उभं सरकवलं की गोष्ट बदलते. हे एकदा बोटांना कळलं की बाकीची बहुतेक टूल्स आपोआप उलगडतात.

बदल झाला की खाली उजवीकडची बरोबरची खूण दाबायला विसरू नका. फुली दाबलीत तर त्या टूलमधलं काम जातं.

उजेड हवा म्हणून ब्राइटनेस वाढवणे

पाठीमागे खिडकी आणि पुढे काळवंडलेला चेहरा, असा फोटो प्रत्येकाकडे असतो. ब्राइटनेस वाढवला की चेहरा दिसू लागतो, पण खिडकी पार पांढरी होऊन जाते. अशा वेळी शॅडोज वाढवा आणि हायलाइट्स थोडे कमी करा. तेवढ्याने भागलं नाही तर सिलेक्टिव्ह वापरा. चेहऱ्यावर टिचकी मारून बिंदू ठेवा आणि दोन बोटांनी चिमटा काढल्यासारखं करून वर्तुळ लहान करा. ते करताना जेवढा भाग लाल दिसतो, तेवढ्यावरच बदल होणार असतो. "बिंदू ठेवला तरी सगळा फोटो उजळला" ही तक्रार वर्तुळ लहान न केल्यामुळेच येते.

रंगांबाबत माझं मत ठाम आहे: माणसं असलेल्या फोटोत सॅच्युरेशनला (रंगांच्या गडदपणाला) हात लावण्याआधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोवरची पिवळी-निळी छटा सुधारणारं टूल, बघा. हळदीच्या कार्यक्रमातले फोटो आधीच पिवळे असतात. त्यात सॅच्युरेशन वाढवलं की सगळ्यांचे चेहरे नारिंगी होतात. गणपतीच्या आरासीचे फोटो तर आणखी नाजूक. व्हाइट बॅलन्समध्ये आपोआप दुरुस्तीचं बटण दाबलं की समईचा ऊबदार उजेडच निघून जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा तिथला ड्रॉपर घेऊन खरोखर पांढऱ्या असलेल्या एखाद्या वस्तूवर ठेवा, उकडीचे मोदक त्याला उत्तम, आणि मग टेम्परेचर थोडं परत वाढवा. दिव्याचा पिवळेपणा थोडा राहिलाच पाहिजे.

एचडीआर स्केप आणि स्ट्रक्चर, म्हणजे फोटोतले बारीक तपशील ठळक करणाऱ्या सोयी, चेहऱ्यांवर वापरू नका. रायगडाच्या तटबंदीवर किंवा पावसाळी ढगांवर ते शोभतं. आजीच्या गालावर तेच प्रत्येक सुरकुती ओरखड्यासारखी उठवतं.

डाग पुसताना धब्बा होणे

डाग पुसण्याच्या हीलिंग टूलचा ब्रश लहान करायला वेगळं बटण नाही. दोन बोटांनी फोटो मोठा केला की ब्रश फोटोच्या मानाने लहान पडतो. म्हणून आधी मोठं करा, मग पुसा, आणि एका दमात लांब रेघ ओढण्याऐवजी छोट्या छोट्या भागांत पुसा. आकाशातली विजेची तार सहज जाते. माणसाच्या खांद्याला चिकटून उभा असलेला खांब मात्र नीट निघत नाही. तिथे क्रॉप करणं बरं.

एक पायरी चुकली म्हणून सगळं पुन्हा करणे

वरच्या बाजूला थरांसारखं चिन्ह आहे. त्यात व्ह्यू एडिट्स निवडलं की आतापर्यंतची प्रत्येक पायरी ओळीने दिसते. तिसरी पायरी चुकली असेल तर तीच उघडून बदलता किंवा काढता येते, पुढच्या पायऱ्या तशाच राहतात. माझ्या मते स्नॅपसीडची ही सगळ्यात मोलाची सोय आहे, आणि सगळ्यात कमी वापरली जाणारीही.

त्याच पायरीवर ब्रशचं चिन्ह दाबलं की तो परिणाम फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवता येतो. इथे लोक घाबरतात, कारण ब्रश उघडताच केलेला बदल गायब झालेला दिसतो. तो गेलेला नसतो. तुम्ही बोटाने जिथे रंगवाल तिथे तो परत येतो. खालचा आकडा १०० असेल तर पूर्ण, ५० असेल तर निम्मा, आणि ० वर ठेवला की रंगवलेलं पुसलं जातं. आकाशाला ड्रामा हा गडद, नाट्यमय परिणाम द्यायचा पण माणसांना नाही, तर हाच मार्ग.

हे सगळं फोटो बंद करण्याआधी करा. बाहेर काढलेल्या प्रतीत पायऱ्या एकजीव झालेल्या असतात.

सेव्ह केलेला फोटो धूसर येणे

आधी सेटिंग्जमध्ये जाऊन फोटोच्या आकाराचा पर्याय बघा. तिथे ८०० पिक्सेलची मर्यादा निवडलेली असेल तर मोबाइलवर फोटो ठीक दिसेल, पण छापायला दिला की फसेल. ४ बाय ६ इंचांची चांगली प्रिंट हवी तर साधारण १८०० बाय १२०० पिक्सेल लागतात. आकार कमी न करण्याचा पर्याय ठेवा आणि जेपीजीची गुणवत्ता ९५ किंवा १०० टक्के निवडा.

सेव्ह करताना प्रत्येक पर्यायाखालची बारीक ओळ वाचा. जिथे कॉपी असं लिहिलेलं आहे, तिथे मूळ फोटो सुरक्षित राहतो.

सेटिंग्ज बरोबर असूनही समोरच्याला फोटो खराब दिसत असेल, तर तो व्हॉट्सॲपवर लहान होऊन गेला आहे. पाठवताना एचडी निवडा. फोटो स्टुडिओत छापायला पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून जोडा. तसा पाठवला की फाइल आहे त्या आकारात पोचते.