बेंड पाईपला तडा? वेल्डरकडे जाण्याआधी एवढं बघा

सोलापूरच्या अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लूमवर जॉबर (माग दुरुस्त करणारा) म्हणून हयात गेली, त्यामुळं थरथर हा माझा जुना वैरी. घरी येझदी रोडकिंग मोटारसायकल आहे. सिलिंडर एक, पण धूर सायलेन्सरकडं नेणारे बेंड पाईप दोन. तडा जायला जागाही दुप्पट. बुलेटवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पाईप उगाच फुटत नाही. मागचा ब्रॅकेट ढिला होतो, रबर बुश चपटा होतो, मग सायलेन्सरचं सगळं वजन पाईप सिलिंडरला धरणाऱ्या पुढच्या नटापाशी लोंबकळतं. दुसरं कारण ताण. भोकं जुळत नाहीत म्हणून मिस्त्री पाईप ओढून बोल्ट घुसवतात. तो पाईप त्या दिवसापासूनच फुटायला लागलेला असतो.

रेस सोडल्यावर फट्‌फट् वाजलं, नटापाशी नाहीतर ब्रॅकेटच्या वेल्डिंगजवळ काळी तेलकट रेघ दिसली, की समजा. खात्री करायची तर गाडी गार असतानाच चालू करा, जोडीदाराला सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं क्षणभर धरायला सांगा आणि साबणाचं पाणी लावा. फुगे येतील तिथं चीर.

नट खोलायला हुक पानाच (आकड्यासारख्या टोकाचा पाना) घ्या. छिन्नी-हातोडीनं नटाच्या पाकळ्या तुटतात.

आता वेल्डिंग. चिरेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडायचं, म्हणजे ती पुढं सरकत नाही. शहाणा वेल्डर हे न सांगता करतो, बाकीचे म्हणतात, “मालक, वरनं भरतो की, काय होतंय!” ऐकू नका. रोडकिंगसारख्या टू-स्ट्रोकच्या (पेट्रोलबरोबर तेलही जाळणाऱ्या इंजिनाच्या) पाईपात तेलाची काजळी असते, ती आधी जाळून, खरवडून काढा, नाहीतर वेल्डिंगला भोकं पडतात. जोडाभोवतीचा क्रोम घासून काढायचा. तो घासताना आणि जळताना निघणारं विषारी असतं, म्हणून मास्क लावा आणि काम उघड्यावर करा. जमलं तर आर्गन वेल्डिंगच करा. पितळेचा जोड सिलिंडरजवळच्या उष्णतेत फार दिवस भरवशाचा नाही. पाईप तुटून दोन तुकडे झाले असतील तर गाडीवरच बसवून नुसते टाके मारून घ्या, म्हणजे कोन हलत नाही. पूर्ण वेल्डिंग मात्र काढून. टाके मारताना टाकी उतरवा, बॅटरीची वायर काढा.

बसवताना पॅकिंग नवं. सगळे नट-बोल्ट आधी हातानं लावा. पाईप आपल्या जागी सैल बसला पाहिजे. मग पुढचा नट आवळा, नंतर मागचे. ब्रॅकेट अर्धा इंच दूर राहिला तर बोल्टनं ओढू नका, मध्ये वायसर घाला. एक फेरी मारून गाडी पूर्ण गार झाल्यावर पुन्हा आवळा.

सात रस्ता ते नवी पेठ एवढंच चालवणाऱ्यांचे पाईप आतून गंजतात. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि पाईप नीट तापलाच नाही तर ते आतच राहतं. आठवड्यातून एकदा होटगी रोडला लांब चक्कर मारा. पाईपाला गुंडाळायची ती पट्टी मला पसंत नाही. पावसाळ्यात ती ओल धरते आणि खालचा गंज दिसत नाही.