नकाशा पेन्सिलीत असतानाच: बांधकाम आणि संकटग्रस्त वन्यजीव यांचा मेळ कसा घालायचा

वन्यजीव सल्लागाराला बहुतेक वेळा फार उशिरा बोलावलं जातं. आराखडा पक्का झालेला असतो, रस्त्याची आखणी झालेली असते, ठेकेदार ठरलेला असतो, आणि परवानगीच्या फायलीत एक अहवाल कमी पडतोय म्हणून जमीन दाखवली जाते. तेव्हा हातात उरते ती फक्त भरपाई. प्राण्यांना खरा उपयोग होतो तो रस्ता दोनशे मीटर बाजूला सरकवल्याने, आणि रेघ खोडता येते ती नकाशा पेन्सिलीत असतानाच. म्हणून मांडणी ठरवण्याआधी एक पूर्ण वर्ष मागून घ्या. बेडूक पाऊस सुरू झाल्यावर ओरडतात, स्थलांतरित पक्षी ठरावीक महिन्यांपुरते येतात, वटवाघळांच्या पिल्लांचा हंगाम वेगळाच असतो. एका ऋतूत फिरून केलेला अहवाल त्या एका ऋतूचाच असतो.

जमिनीवर जाण्याआधी

जुनी उपग्रहचित्रं उघडा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत आणि मोफत मिळतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांतली वेगवेगळ्या ऋतूंतली चित्रं शेजारी शेजारी ठेवली की पाणी कुठे साचतं, कोणती झाडी तोडून पुन्हा वाढली, कोणता पट्टा कायम मोकळा राहिला, हे कळतं. वर्षातले दोन महिने भरणारं डबकं उन्हाळी भेटीत साधी खळगी दिसतं. बेडकांची सगळी वीण मात्र तिथेच होत असते.

मग संभाव्य जातींची यादी करा आणि ती दोन याद्यांशी ताडून पाहा. पहिली आययूसीएनची, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची लाल यादी. तिच्यात असुरक्षित, संकटग्रस्त आणि अतिसंकटग्रस्त या तीन वर्गांतल्या जाती धोक्यात मानल्या जातात. दुसरी त्या देशाच्या कायद्याची यादी. भारतात ती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्टांत आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने ही परिशिष्टं नव्याने मांडली, त्यामुळे जुनी प्रत वापरू नका. दोन्ही याद्या जुळत नाहीत. जगात धोक्यात असलेली जात कायद्यात नसू शकते, आणि उलटही. कायदा पाळला म्हणजे जात वाचली, असं समजू नका.

अभ्यासाची हद्द ठरवताना भूखंडाभोवती सरसकट दोन किंवा दहा किलोमीटरचं वर्तुळ काढण्याची सवय आहे. सर्वांत दूर फिरणाऱ्या प्राण्याच्या वावरावरून हद्द काढणं जास्त बरोबर. सरड्याला पाचशे मीटर पुरतील, वाघाला ते वर्तुळ काहीच सांगत नाही.

कागदपत्रांत ‘पडीक’ लिहिलेल्या जमिनीकडे दुप्पट लक्ष द्या. झाड नाही म्हणून माळरान रिकामं ठरत नाही. माळढोक आणि तणमोर यांना असाच उघडा गवताळ माळ लागतो, आणि ते इतके विरळ झालेत त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांचं घर आपण कागदोपत्री पडीक ठरवलं.

गुराखी, मेंढपाळ, रात्रपाळीचे पहारेकरी यांना भेटा, पण ‘इथे बिबट्या दिसतो का?’ असं विचारू नका, कारण उत्तर प्रश्नातच दिलं जातं. चित्रांचा संच दाखवा, त्यात त्या भागात असूच शकत नाही असा एखादा प्राणी मिसळा, आणि काय पाहिलं, कधी, कुठे, एवढंच विचारा. अशक्य चित्रावर कुणी बोट ठेवलं तर त्याची बाकीची माहितीही जपून वापरा.

किती वेळा फिरायचं, याचं गणित

अहवालातलं सर्वांत धोकादायक वाक्य म्हणजे ‘आढळून आला नाही’. एखादी लाजरी जात जागेवर असेल आणि एका भेटीत ती दिसण्याची शक्यता ३० टक्के असेल, तर ती हुकण्याची शक्यता ०.७. तीन भेटींत ती दरवेळी हुकण्याची शक्यता ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे ०.३४. तीन फेऱ्या मारूनही तिनातल्या एका वेळी तुम्ही ‘नाही’ लिहाल आणि ती तिथे असेल. ९५ टक्के खात्री हवी असेल तर नऊ भेटी लागतात. एका भेटीत दिसण्याची शक्यता ५० टक्के असेल तर पाच पुरतात. हा हिशेब कामाचा दर ठरवतानाच ग्राहकासमोर मांडा. नंतर मांडला की तो वेळकाढूपणा वाटतो. आणि भेटी कमी झाल्याच असतील तर अहवालात ‘नाही’ लिहू नका, ‘इतक्या भेटींत दिसला नाही’ असं आकड्यासकट लिहा.

कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, बसवताना बारकाव्यांवर सगळं अवलंबून असतं. मोठ्या मांजरांसाठी आणि हरणांसाठी तो जमिनीपासून ४० ते ५० सेंटिमीटर उंचीवर, पायवाटेपासून दोन ते चार मीटर दूर लावा. लहान प्राण्यांसाठी २० ते ३० सेंटिमीटर. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा, नाहीतर उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो. वाटेला काटकोनात न लावता थोडा तिरका लावला तर प्राणी चौकटीत जास्त वेळ राहतो. समोरचं गवत हाताने उपटून टाका. वाऱ्याने हलणारं एक पातं दोन दिवसांत हजारो कोरे फोटो काढून कार्ड भरून टाकतं आणि पुढचे अठ्ठावीस दिवस वाया जातात. बसवल्यावर स्वतः गुडघ्यांवर रांगत समोरून जा आणि फोटो आला का ते पाहा. एका ठिकाणी किमान तीस रात्री ठेवा.

साप-सरड्यांसाठी अर्धा मीटर लांब-रुंद पत्रे किंवा जाड डांबरी कागदाचे तुकडे गवतात, ऊन येईल अशा कडेला टाका आणि दोन आठवडे हातही लावू नका. नंतर सकाळी, पत्रा तापण्याआधी तपासा. लांब आकडीने पलीकडची कड धरून पत्रा आपल्याकडे उचला, म्हणजे उघडणारी बाजू तुमच्यापासून दूर राहते आणि मध्ये पत्र्याची आड असते. तापलेल्या पत्र्याखाली काहीच सापडत नाही. दुपारी केलेल्या पाहण्या रिकाम्या येतात त्याचं कारण बहुधा हेच असतं.

डबक्यांत पाण्यातला डीएनए तपासण्याची पद्धत आता रुळली आहे. इंग्लंडमध्ये तुरेवाल्या न्यूटसाठी (सरड्यासारखा दिसणारा, पण बेडकासारखा उभयचर प्राणी) एका तळ्याच्या काठाने वीस ठिकाणचं पाणी घेतात आणि नमुने एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंतच ग्राह्य धरतात. पाण्यात उतरून गाळ ढवळू नका. गाळात जुना डीएनए टिकून असतो, आणि मागच्या हंगामातला प्राणी आज तिथे असल्यासारखा दिसतो. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: ही चाचणी प्राणी आहे का ते सांगते, किती आहेत ते सांगत नाही.

आधी टाळा

क्रम ठरलेला आहे: आधी नुकसान टाळायचं, न टळणारं कमी करायचं, झालेलं दुरुस्त करायचं, आणि तरीही उरेल त्याचीच भरपाई. व्यवहारात हा क्रम उलटा चालतो, कारण भरपाई पैशात मोजता येते.

टाळण्यासाठी योग्य गोष्टीचा नकाशा हवा. फुलपाखराच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे त्याच्या अळीचं झाड. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॅन ब्रुनो डोंगरावर मिशन ब्लू हे फुलपाखरू ल्युपिन या फुलझाडावरच अंडी घालतं. तिथे डोंगराच्या काही भागात घरं आणि बाकी भाग राखीव अशी योजना झाली, आणि त्याच धर्तीवर अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या कायद्यात १९८२ मध्ये अशा आराखड्यांची तरतूद आली. पण जमीन राखली म्हणजे काम संपलं असं झालं नाही. गवताळ उतारांवर झुडपं आणि परकी झाडं चढत राहिली, आणि ती दरवर्षी काढावी लागतात. देखभालीचा खर्च पहिल्याच करारात लिहायला हवा.

रस्ता आडवा येत असेल तर

प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून केलेल्या भुयारी मार्गासाठी मोकळेपणाचा निर्देशांक काढा: रुंदी गुणिले उंची, भागिले लांबी, सगळं मीटरमध्ये. दहा मीटर रुंद, चार मीटर उंच आणि पन्नास मीटर लांब मार्गाचा निर्देशांक ०.८. रस्ता रुंद होऊन लांबी ऐंशी मीटर झाली की तोच मार्ग ०.५ वर येतो आणि हरणांना तो बोगद्यासारखा वाटू लागतो. रुंदीकरणात जुनी मोरी नुसती लांब करून मिळते, तेव्हा हीच चूक होते. पाण्याच्या मोरीतून प्राणी जावेत असं वाटत असेल तर एका बाजूने पाणीपातळीच्या वर कोरडी पायरी ठेवा.

जागा निवडायची ती ठशांवरून आणि कॅमेऱ्यांवरून, अभियंत्याला भराव जिथे सोयीचा वाटतो तिथे नव्हे. पेंचजवळून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटरपर्यंत लांबीच्या नऊ मोकळ्या जागा पुलांखाली ठेवल्या आहेत, आणि कॅमेऱ्यांत वाघही त्यांखालून जाताना टिपले गेले आहेत. कॅनडातल्या बान्फ राष्ट्रीय उद्यानात प्राण्यांसाठी महामार्गावरून सहा पूल आणि खालून अडतीस भुयारी मार्ग आहेत, पण ग्रिझली अस्वलांना त्यांची सवय व्हायला काही वर्षं लागली. म्हणून पहिल्या वर्षाच्या आकड्यांवरून मार्ग फसला असं जाहीर करू नका.

कुंपण आणि मार्ग एकत्रच हवेत. मार्गाविना कुंपण म्हणजे भिंत, आणि कुंपणाविना मार्ग असेल तर प्राणी डांबरावरूनच जातात. कुंपण आखूड असेल तर प्राणी टोकाला वळसा घालतात आणि अपघात तिथेच गोळा होतात. पाच किलोमीटरपेक्षा लहान कुंपणांचा परिणाम बेभरवशाचा आढळला आहे.

तारांबद्दल एक गोष्ट इथेच. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरचं फार थोडं दिसतं, आणि जड शरीरामुळे आयत्या वेळी वळता येत नाही. त्याच्या वावरात वीजवाहिनी जमिनीखालून नेणं हाच भरवशाचा उपाय. जिथे ते शक्यच नाही तिथे तारांवर दिसणाऱ्या खुणा लावा. दिवे खाली रोखलेले, आडोशाचे, २७०० केल्विन किंवा त्याहून उबदार, म्हणजे पिवळसर रंगाचे घ्या आणि झाडीच्या कडेला लावूच नका. मोठ्या काचांवर बाहेरच्या बाजूने पाच सेंटिमीटर अंतराने ठिपके द्या, कारण आतून लावलेले ठिपके आकाशाच्या प्रतिबिंबात हरवतात.

काम सुरू झाल्यावर

गवत-झुडपं दोन टप्प्यांत काढा. पहिल्या दिवशी हाताने, पंधरा सेंटिमीटर उंची ठेवून. मग एक-दोन उबदार दिवस थांबा आणि नंतर जमिनीलगत. कापणी मधून सुरू करून राखलेल्या झाडीच्या दिशेने सरका. कडेपासून आत कापत गेलात तर प्राणी मधल्या बेटावर कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत जेसीबीखाली येतात. विणीच्या हंगामात हे काम काढूच नका. ढोली असलेलं झाड पाडण्याआधी संध्याकाळी खाली उभं राहून बाहेर पडणारी वटवाघळं मोजा.

चर रात्री उघडे राहणार असतील तर दर पंचवीस-तीस मीटरवर पंचेचाळीस अंशांपेक्षा कमी उताराची मातीची वाट ठेवा किंवा खडबडीत फळी टेका. पाइपांची तोंडं रोज संध्याकाळी झाका. सकाळी यंत्र चालू होण्याआधी एका ठरावीक माणसाने प्रत्येक चर चालत पाहायचा आणि वहीत सही करायची. त्या माणसाला काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. तोंडी अधिकार पहिल्या उशिराच्या दिवशी संपतो.

‘प्राणी पकडून दुसरीकडे सोडू’ हा प्रस्ताव हमखास येतो. जुन्नर परिसरात बिबटे पकडून दूर सोडल्यानंतर माणसांवरचे हल्ले वाढले, हे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधल्या अभ्यासात नोंदलं आहे. सोडलेला प्राणी परतू पाहतो, किंवा आधीच भरलेल्या जागेत उपराच राहतो. स्थलांतर सुचवायचंच असेल तर नव्या जागेत ती जात का नाही, किंवा असेल तर जागा का उरली आहे, याचं उत्तर आधी मिळवा.

भरपाईचा हिशेब

बारा हेक्टर अधिवास जाणार आहे आणि शून्य ते एक या मापावर त्याचा दर्जा ०.७ आहे असं धरा, म्हणजे ८.४ एकक नुकसान. भरपाईच्या जमिनीचा आजचा दर्जा ०.२ आणि दहा वर्षांच्या कामानंतर तो ०.४ होईल अशी अपेक्षा असेल, तर हेक्टरी फायदा फक्त ०.२. त्यामुळे बारा नव्हे, बेचाळीस हेक्टर लागतील. अशा कामांतला तिसरा हिस्सा फसेल असं गृहीत धरलं तर त्रेसष्ट. हा आकडा पाहिल्यावर मांडणी बदलायला ग्राहक बहुधा तयार होतो, म्हणून हिशेब टाळण्याच्या टप्प्यावरच दाखवा. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या बांधकामांना किमान दहा टक्के जैवविविधता वाढवून ती तीस वर्षं टिकवावी लागते. काही अधिवासांना मात्र हे गणित लागूच होत नाही: शेकडो वर्षांचं जंगल, गुहा, झऱ्याची पाणथळ. तिथे लेखी ‘नको’ सांगणं हेही सल्लागाराचंच काम आहे.

देखरेखीच्या कलमात ‘लक्ष ठेवले जाईल’ असं लिहू नका. कोण मोजेल, कोणत्या महिन्यात, किती भेटी, आणि आकडा कितीच्या खाली गेला की काय करायचं, ते लिहा. उदाहरणार्थ: सलग दोन हंगाम घरट्यांची संख्या मूळ नोंदीच्या सत्तर टक्क्यांखाली गेली तर पुढचा टप्पा थांबेल, आणि राखीव ठेवीतून साठ दिवसांत दुरुस्तीचं काम सुरू होईल. ही ठेव पहिला खड्डा खणण्याआधी बँकेत जमा झाली आहे, याची पावती अहवालाला जोडा.