बोटो३ने ईसीएसवर डिप्लॉयमेंट: स्क्रिप्ट ‘झालं’ म्हणाली तरी खात्री कशी करायची

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंतचे कांद्याचे भाव मोबाइलवर दाखवणारं एक ॲप धरा. सकाळी लिलाव सुरू झाले की निफाड, चांदवड, येवल्याकडचे शेतकरी ते एकदमच उघडतात, कारण ट्रॅक्टर कुठल्या बाजाराकडे वळवायचा हे त्या आकड्यावर ठरतं. अशा ॲपचं नवं व्हर्जन चढवताना सेवा दोन मिनिटं बंद पडली तर निदान लगेच कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे स्क्रिप्ट हिरवी झाली, सगळे घरी गेले आणि सर्व्हरवर मात्र जुनंच व्हर्जन चालू राहिलं. डिप्लॉयमेंट ऑटोमेट करण्यावरचे बहुतेक लेख ‘अपडेट सर्व्हिस’ हा कॉल दाखवून थांबतात. खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

इथे गृहीत धरलेलं असं: ॲप डॉकरमध्ये बसवलेलं आहे (म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका इमेजमध्ये बांधलेलं; चालू झालेली इमेज म्हणजे कंटेनर). ते ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधल्या ईसीएस या कंटेनर चालवणाऱ्या सेवेवर फार्गेट सर्व्हिस म्हणून चालतं, म्हणजे सर्व्हर आपण सांभाळत नाही. ॲपची एक चालू प्रत म्हणजे टास्क, आणि ठरलेल्या संख्येने टास्क चालू ठेवते ती सर्व्हिस. पुढे विनंत्या टास्कमध्ये वाटणारा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर आहे आणि डिप्लॉयमेंटची स्क्रिप्ट पायथनमध्ये, एडब्ल्यूएसला आदेश देणाऱ्या बोटो३ लायब्ररीने लिहायची आहे. खाली कॉलची नावं साध्या शब्दांत दिली आहेत. कोडमध्ये तेच शब्द अंडरस्कोअरने जोडून येतात.

तयारी

बोटो३चं व्हर्जन रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये पिन करा. रीजन, म्हणजे एडब्ल्यूएसचं कुठल्या भागातलं केंद्र वापरायचं ते, कोडमध्ये स्पष्ट लिहा. आपल्याकडून मुंबई जवळचं, म्हणजे ‘एपी-साउथ-१’. ते लॅपटॉपच्या कॉन्फिगवर सोडलं तर कुणाच्या तरी मशीनवर अमेरिकेतलं रीजन निघतं आणि ‘क्लस्टर सापडत नाही’ या एररमागे अर्धा तास जातो.

स्क्रिप्ट लॅपटॉपवरून चालवू नका. नाशिकमध्ये अंबडला किंवा गंगापूर रोडला ऑफिसची वीज गेली, वायफाय तुटलं, की डिप्लॉयमेंट क्लाउडवर चालू राहतं आणि त्यावर नजर ठेवणारी स्क्रिप्ट मात्र मेलेली असते. ती गिटहब ॲक्शन्ससारख्या सीआयमधूनच (बिल्ड आणि डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सेवा) चालवा. तिथे कायमच्या ॲक्सेस की ठेवू नका. ओआयडीसीने (पासवर्ड न साठवता ओळख पटवण्याची पद्धत) तात्पुरता रोल, म्हणजे परवानग्यांचा संच, घेता येतो.

त्या रोलला ईसीएसच्या परवानग्या सगळेच देतात आणि ‘पासरोल’ विसरतात. टास्क डेफिनिशनमध्ये (कुठली इमेज कशी चालवायची याचा आराखडा) टास्क रोल (ॲपसाठी) आणि एक्झिक्युशन रोल (इमेज ओढणं, सीक्रेट वाचणं यासाठी) असे दोन रोल असतात. ते पुढे सोपवण्याची परवानगी आयएएममध्ये (एडब्ल्यूएसची परवानग्यांची व्यवस्था) वेगळी द्यावी लागते. दोन्हींचे एआरएन (एडब्ल्यूएसमधलं पूर्ण, एकमेव नाव) नेमके लिहा. तिथे तारा (*) टाकून मोकळं होणं म्हणजे खात्यातला कुठलाही रोल उचलायची मुभा सीआयला देणं.

इमेज

इमेजचा टॅग म्हणून गिट कमिटचा हॅश, म्हणजे कोडच्या त्या नोंदीचा एकमेव ओळखक्रमांक, वापरा. ‘लेटेस्ट’ हा टॅग प्रॉडक्शनला कधीही लावू नका, कारण परत मागे जायची वेळ आली की मागचं ‘लेटेस्ट’ कुठलं होतं याचं उत्तर कुणाकडे नसतं. ईसीआर (एडब्ल्यूएसचं इमेज साठवण्याचं कोठार) रिपॉझिटरीत टॅग इम्युटेबल, म्हणजे न बदलता येणारे, करून ठेवा, म्हणजे चुकूनही त्याच नावावर दुसरी इमेज चढणार नाही. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर बिल्ड करत असाल तर प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/एएमडी६४’ असा सांगा. नाहीतर एक्स८६वर बसवलेला टास्क उठताक्षणी ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ देऊन पडतो.

नवं टास्क डेफिनिशन

‘डिस्क्राइब टास्क डेफिनिशन’ने चालू डेफिनिशन घ्या, त्यातली इमेज बदला आणि ‘रजिस्टर टास्क डेफिनिशन’ला परत द्या. आलेला डिक्शनरी जसाच्या तसा पाठवला तर बोटो३ तो नाकारतं, कारण त्यात सिस्टिमने स्वतः भरलेले रकाने असतात. टास्क डेफिनिशन एआरएन, रिव्हिजन, स्टेटस, रिक्वायर्स ॲट्रिब्यूट्स, कंपॅटिबिलिटीज, रजिस्टर्ड ॲट आणि रजिस्टर्ड बाय हे सात काढून टाका.

कंटेनर नावाने शोधा, यादीतला पहिला म्हणून उचलू नका. उद्या कुणी लॉगसाठी साइडकार (ॲपच्या सोबत चालणारा मदतनीस कंटेनर) जोडला आणि तो यादीत वर आला, तर तुमच्या ॲपची इमेज लॉगच्या कंटेनरला लागेल. कमिट हॅश ‘ॲप व्हर्जन’ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्येही टाका. शेवटच्या तपासणीला तो लागतो.

मायग्रेशन

सर्व्हिसला हात लावण्याआधी नव्या डेफिनिशनवरच ‘रन टास्क’ने मायग्रेशनचा (डेटाबेसची रचना बदलण्याचा) एकटा टास्क चालवा. इथे तीन खाचखळगे आहेत. ‘रन टास्क’ टास्क उभा करू शकला नाही तर दर वेळी एक्सेप्शन फेकेलच असं नाही. उत्तरातली ‘फेल्युअर्स’ यादी आपणच वाचावी लागते. ‘टास्क्स स्टॉप्ड’ हा वेटर (ठरावीक स्थिती येईपर्यंत विचारत थांबणारी बोटो३ची तयार सोय) टास्क थांबला एवढंच सांगतो, यशस्वी झाला की आपटला ते सांगत नाही. म्हणून नंतर कंटेनरचा एक्झिट कोड पाहा: शून्य असेल तरच पुढे. आणि इमेजच ओढता आली नसेल तर एक्झिट कोड हा रकानाच उत्तरात नसतो, तेव्हा ‘नसणं’ हेही अपयशच धरा.

रोलिंग डिप्लॉयमेंटमध्ये (जुने टास्क हळूहळू काढून नवे आणताना) जुनं आणि नवं व्हर्जन काही काळ एकाच डेटाबेसवर चालतात. म्हणून याच फेरीत कॉलम काढू नका आणि त्याचं नाव बदलू नका. आधी नवा कॉलम वाढवा, कोड त्यावर आणा, जुना कॉलम पुढच्या डिप्लॉयमेंटला काढा. याला सूट नाही.

अपडेट आणि वाट पाहणं

‘अपडेट सर्व्हिस’ कॉल एका क्षणात परत येतो. त्याचा अर्थ ईसीएसने विनंती नोंदवली एवढाच. इथेच ‘डिप्लॉयमेंट यशस्वी’ छापणारी स्क्रिप्ट दिसली तर ती आजच बदला.

पुढचा सल्ला सगळीकडे सापडतो: ‘सर्व्हिसेस स्टेबल’ हा वेटर लावा. तो दर १५ सेकंदांनी विचारतो, ४० वेळा विचारतो, म्हणजे १० मिनिटं थांबतो. तोवर सर्व्हिस स्थिर झाली नाही तर एरर. वरवर पाहता हे पुरेसं वाटतं.

आता सर्किट ब्रेकर धरा, म्हणजे बिघडलेलं डिप्लॉयमेंट आपोआप थांबवणारी ईसीएसची सोय. तो चालू असायलाच हवा, सोबत रोलबॅकही (मागच्या व्हर्जनवर परत जाणं). तो नसेल तर ईसीएस बिघडलेला टास्क पुन्हा पुन्हा उभा करत राहतो. असेल तर ठरावीक संख्येने टास्क पडल्यावर तो हात टेकतो आणि जुनं डेफिनिशन परत आणतो. ही संख्या डिझायर्ड काउंटच्या (सर्व्हिसने किती टास्क चालू ठेवायचे त्या आकड्याच्या) निम्मी, पण किमान ३ आणि कमाल २०० असते. म्हणजे दोन टास्कच्या सर्व्हिसला तिसऱ्या अपयशावर रोलबॅक.

घोळ नेमका इथे होतो. वेटर दोनच गोष्टी पाहतो: सर्व्हिसवर एकच डिप्लॉयमेंट उरलंय का, आणि चालू टास्कची संख्या हवी तेवढी आहे का. रोलबॅक पूर्ण झाल्यावर या दोन्ही अटी पुऱ्या होतात. सर्व्हिस स्थिर असते, जुन्या व्हर्जनवर. वेटर खुशाल परत येतो, सीआय हिरवं होतं आणि नवा कोड कुठेच चाललेला नसतो. सर्किट ब्रेकर आणि वेटर दोन्ही आपापलं काम चोख करतात, तरी दोघं मिळून तुम्हाला फसवतात. म्हणून या ठिकाणी तयार वेटर वापरूच नका.

त्याऐवजी स्वतःचा लूप लिहा, तो वीसेक ओळींचा होतो. ‘अपडेट सर्व्हिस’च्या उत्तरात डिप्लॉयमेंट्सची यादी येते. तिच्यात स्टेटस ‘प्रायमरी’ असलेल्या नोंदीचा आयडी जपून ठेवा. मग दर १० सेकंदांनी ‘डिस्क्राइब सर्व्हिसेस’ करून तोच आयडी शोधा. त्या नोंदीची ‘रोलआउट स्टेट’ ‘इन प्रोग्रेस’ असेल तर थांबा. ‘फेल्ड’ असेल तर स्क्रिप्ट शून्येतर कोडने बंद करा. आयडी यादीतच नसेल, किंवा असून प्रायमरी राहिलेला नसेल, तर दुसऱ्या डिप्लॉयमेंटने त्याची जागा घेतली आहे, तेही अपयश. आयडी तोच, नोंद प्रायमरी आणि स्टेट ‘कम्प्लीटेड’, हे तिन्ही जुळलं तरच यश. लूपला वरची मर्यादा घाला, १५ मिनिटं पुरतात.

सर्व्हिसचं नाव चुकलं तरी ‘डिस्क्राइब सर्व्हिसेस’ एक्सेप्शन देत नाही. सर्व्हिसेसची यादी रिकामी येते आणि ‘फेल्युअर्स’मध्ये ‘मिसिंग’ लिहिलेलं असतं. तेही तपासा.

अपयश आलं की स्क्रिप्टने कारण त्याच क्षणी छापावं. थांबलेले टास्क ईसीएस साधारण तासभरच दाखवतं. सकाळी येऊन पाहू म्हटलं तर पुरावा गेलेला असतो. ‘लिस्ट टास्क्स’ला स्टेटस ‘स्टॉप्ड’ देऊन यादी घ्या, ‘डिस्क्राइब टास्क्स’ करा आणि ज्यांच्या ‘स्टार्टेड बाय’मध्ये आपला डिप्लॉयमेंट आयडी आहे तेवढेच निवडा. त्यांचं ‘स्टॉप्ड रीझन’, कंटेनरचं ‘रीझन’ आणि एक्झिट कोड लॉगमध्ये टाका. ‘कॅनॉट पुल कंटेनर’ म्हणजे टॅग चुकलाय, किंवा प्रायव्हेट सबनेटला नॅट किंवा व्हीपीसी एंडपॉइंट नाही, म्हणजे आतल्या नेटवर्कमधून इमेजच्या कोठारापर्यंत वाटच नाही. ‘रिसोर्स इनिशियलायझेशन एरर’ बहुतेक वेळा सीक्रेट वाचता न आल्याची असते, तेव्हा एक्झिक्युशन रोल पाहा. १३७ म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने मारली गेली: मेमरी संपली, किंवा वेळेत बंद झाली नाही.

सर्व्हिसचं पहिलंच डिप्लॉयमेंट असेल तर मागे जायला काही नसतंच. तिथे सर्किट ब्रेकर फक्त थांबवतो. पहिल्या वेळी माणसाने समोर बसून पाहावं.

हेल्थ चेक

कोड बरोबर असूनही रोलबॅक होत असेल तर आधी इथे बघा. टास्क उत्तर देतोय का हे लोड बॅलन्सर सहसा दर ३० सेकंदांनी तपासतो आणि दोनदा नापास झालं की टार्गेट (म्हणजे तो टास्क) नादुरुस्त धरतो. तुमचं ॲप उठायला सत्तर-ऐंशी सेकंद घेत असेल तर ते उभं राहण्याआधीच ईसीएस त्याला मारतं, नवं उभं करतं, तेही मारतं. सर्व्हिसच्या ‘हेल्थ चेक ग्रेस पीरियड’मध्ये (सुरुवातीला नापास निकालांकडे दुर्लक्ष करायची मुदत) ॲपच्या उठण्याच्या वेळेच्या दीडपट आकडा टाका.

हेल्थ चेकच्या पत्त्यावर डेटाबेस तपासू नका. डेटाबेसला दहा सेकंद धाप लागली तर सगळे टास्क एकदम नापास होतात आणि ऐन लिलावाच्या वेळी सगळेच मारले जातात. प्रोसेस जिवंत आहे एवढंच सांगणारं २०० (‘ठीक आहे’ या अर्थाचा एचटीटीपी कोड) पुरे.

जुना टास्क काढतानाही वेळ जातो. टार्गेट ग्रुपचा (लोड बॅलन्सरमागच्या टास्कच्या यादीचा) डीरजिस्ट्रेशन डिले, म्हणजे काढलेल्या टास्कच्या चालू विनंत्या संपायला दिलेला वेळ, सुरुवातीला ३०० सेकंद असतो. भाव विचारणारी विनंती अर्ध्या सेकंदात संपते, तिच्यासाठी पाच मिनिटं थांबायचं कारण नाही. ३० सेकंद ठेवा. मोठ्या फाइली अपलोड होत असतील तर मात्र तो आकडा त्या हिशेबाने ठेवा. आणि डॉकरफाइलमधली शेवटची सीएमडी ओळ चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. साध्या वाक्यासारखी लिहिली तर पहिली प्रोसेस शेल होते, बंद होण्याचा सिग्नल ॲपपर्यंत पोचेलच याचा भरवसा राहत नाही, आणि ३० सेकंदांनी त्याला मध्येच तोडलं जातं. वर सांगितलेला १३७ अनेकदा इथून येतो.

शेवटची तपासणी

लोड बॅलन्सरच्या बाहेरच्या पत्त्यावर व्हर्जन विचारा आणि उत्तरातला हॅश आत्ताच्या कमिटशी जुळवा. पाच-सहा वेळा विचारा, प्रत्येक उत्तर जुळलं पाहिजे.

टेराफॉर्म असेल तर

नेटवर्क, लोड बॅलन्सर, क्लस्टर हे टेराफॉर्मने (क्लाउडची रचना फाइलीत लिहून उभी करणारं साधन) करणंच योग्य. ते बोटो३ने लिहीत बसू नका. पण टेराफॉर्मला सर्व्हिसचं जुनं टास्क डेफिनिशन ठाऊक असतं. कुणी सिक्युरिटी ग्रुप बदलायला ‘अप्लाय’ केलं की ते तुमची सर्व्हिस गुपचूप जुन्या इमेजवर नेतं. सर्व्हिसच्या लाइफसायकल ब्लॉकमध्ये ‘इग्नोर चेंजेस’ खाली टास्क डेफिनिशन लिहा.

वेळ आणि जुन्या इमेज

डिप्लॉयमेंट लिलाव संपल्यावर ठेवा. गिटहब ॲक्शन्सचा क्रॉन (वेळापत्रक) यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या वेळेवर चालतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला हवं असेल तर १८:०० लिहायचं. ‘रात्री अकरा’ म्हणून २३ लिहिलं तर काम पहाटे साडेचारला सुरू होतं.

ईसीआरमध्ये इमेज साठत जातात आणि त्यांचं बिल येतं, म्हणून लाइफसायकल पॉलिसी लावा. पण तिथे ‘१४ दिवसांपेक्षा जुन्या काढा’ असा दिवसांचा नियम लावू नका. महिनाभर डिप्लॉयमेंट झालं नाही तर प्रॉडक्शनवर चालू असलेली इमेजच त्यात उडते. चालू टास्कला त्याची झळ लगेच लागत नाही. तो कधी पडला आणि नव्याने उभा राहायला गेला, किंवा सर्किट ब्रेकरने त्याच इमेजवर रोलबॅक करायचा ठरवला, की ओढायला काहीच नसतं. नियम संख्येचा ठेवा: शेवटच्या ३० इमेज राहू द्या, बाकी काढा.