इको आणि कॅरोटिड डॉप्लर: नव्या पोरांनो, या चुका टाळा

पंधरा-सोळा वर्षं कोल्हापुरात इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि कॅरोटिड डॉप्लर (मेंदूकडं जाणाऱ्या मानेतल्या शिरांची सोनोग्राफी) करतोय. म्हणजे प्रोब माझ्या हातात, रिपोर्टवर सही डॉक्टरांची. दरवर्षी नवी पोरं शिकायला येतात, मशीनची बटणं माझ्यापेक्षा लवकर शिकतात आणि घोळ तिथंच होतो. चित्र नीट यायच्या आधीच कॅलिपर, म्हणजे मापाच्या खुणा, टाकून मोकळे. मशीनला काय, चुकीच्या कटवर पण ते आकडा देतंयच.

माझी सगळ्यात नावडती चूक म्हणजे सेप्टम, म्हणजे हृदयातला मधला पडदा, तिरका मोजणं. कोल्हापूर म्हटल्यावर पैलवान येणारच. एक बाविशीचा गडी वस्तादांबरोबर आला, छातीत धडधडतंय म्हणून. आमच्या नव्या पोरानं सेप्टम मोजला, १७ मिमी, आणि पेशंटसमोरच बोलून बसला, "लई जाड झालंय की हे." १५ च्या वर गेलं की हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीचा (हृदयाचा स्नायू जाड व्हायच्या आजाराचा) संशय, एवढं त्याला पाठ. वस्ताद तिथंच खुर्चीवरनं उठले, "सायेब, पोराची कुस्ती बंद व्हय?" आणि पैलवानाचं तोंड पांढऱ्या रश्शागत.

मी परत बघितलं. भरलेली छाती, चित्र मिळेना म्हणून हा एक फासळी खाली सरकलेला आणि हृदय तिरकं कापलं जात होतं. काकडी तिरकी कापली की चकती मोठी येते, तसंच हे. वर उजव्या कप्प्यातला मॉडरेटर बँड, म्हणजे स्नायूचा एक पट्टा, सेप्टमला चिकटून दिसत होता, तो पण मापात धरलेला. गड्याला नीट डाव्या कुशीवर वळवलं, हात डोक्याखाली, श्वास सोडून थांब म्हटलं, एक फासळी वर गेलो, शॉर्ट अ‍ॅक्सिसमधे, म्हणजे हृदयाच्या आडव्या छेदात, ताळा केला. १२ मिमी. डावा कप्पा जरा मोठा, टिश्यू डॉप्लरला सेप्टमकडचा ई प्राइम (स्नायू सैल पडायचा वेग) १३ सेमी प्रति सेकंद, स्ट्रेन (ठोक्यात स्नायू किती टक्के आखडतो ते) उणे २०, दोन्ही चांगले. स्नायू आजारी असला की त्याचा सैल पडायचा वेग बहुतेक वेळा कमी येतो, मेहनतीनं जाड झालेला स्नायू असा झटकन सैल पडतो. डॉक्टरांनी सगळं बघून पैलवानाचंच हृदय आहे म्हणून सांगितलं, धडधडीसाठी होल्टर, म्हणजे दिवसभर ईसीजी टिपणारं यंत्र, लावला. खरी डोकेदुखी १३ ते १५ च्या मधे आलं की असते, तिथं एका मापावर कुणी काही बोलू नये. मी तीन ठोक्यांवर मोजतो, शॉर्ट अ‍ॅक्सिस बघितल्याशिवाय लिहीत नाही आणि पेशंटसमोर तोंड बंद.

दुसरी चूक मानेतली. कॅरोटिडला डॉप्लरचा अँगल ६० अंश किंवा कमी ठेवायचा हे सगळ्यांना माहीत, पण अँगलची रेघ रक्ताच्या धारेला समांतर आहे का हे कोण बघतंय! मशीन वेग काढताना कोसाइननं भागतं. खरा अँगल ५० आणि रेघ ६० वर ठेवली की १०० सेमी प्रति सेकंदाचा वेग १२९ दिसतो, आणि १२५ च्या वर गेलं की इंटर्नल कॅरोटिडला ५० टक्क्यांच्या वर अडथळा असा अर्थ लागतो. बी-मोडला (साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात) प्लाक, म्हणजे शिरेत साठलेला चरबीचा थर, कुठंच नाही आणि रिपोर्टात अडथळा, असले कागद घेऊन माणसं येतात, रात्रभर झोप नाही. मी आधी प्रोबची टाच-टोच करून (एक टोक कलवून) शीर तिरपी घेतो, मग बीम स्टिअर करतो, म्हणजे आवाजाच्या लहरींची दिशा वळवतो, रेघ सगळ्यात शेवटी. आणि वेग जास्त आला तर तिथं प्लाक दिसतोय का हे आधी बघायचं, मग घाबरवायचं.

कॅरोटिडच्या भिंतीची जाडी, आयएमटी, मोजताना जवळची भिंत घेऊ नका, लांबची घ्या, बल्बच्या (शीर फुगते त्या भागाच्या) खाली कॉमन कॅरोटिडमधे, साधारण १ सेमीच्या पट्ट्यात, डायस्टोलच्या शेवटी. ०.७ आणि ०.८ मिमीमधे फक्त गेन (चित्राचा उजेड) वाढवून फरक पडतो, म्हणून शिबिरात दोन मिनिटात आयएमटी काढून "तुमच्या शिरा म्हाताऱ्या झाल्यात" सांगणाऱ्यांचा मला राग येतो. अमेरिकेतल्या २०१३ च्या गाइडलाइननं पण रिस्क ठरवायला ही टेस्ट सरसकट करू नका म्हणूनच सांगितलंय. प्लाक असेल तर तो वेगळा लिहा, १.५ मिमीच्या वर गेलेली जाडी साध्या आयएमटीत मिसळू नका.

बाकी पटापट. ईसीजीची लीड न लावता इको करणं म्हणजे घड्याळाशिवाय कुस्ती. एपिकल व्ह्यूत (हृदयाच्या टोकाकडनं बघताना) टोक कापलं गेलं तर ईएफ, म्हणजे दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर जातं तो आकडा, फुगून येतो, कप्पा आखूड-गोल दिसला की एक फासळी खाली जा. मानेवर प्रोब दाबू नका, जेल जास्त घ्या. स्ट्रेनला फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ५० च्या आत नको, आणि मागचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरचा असेल तर तुलना करूच नका.

आणि बीपी लिहा रे, ते चढलं की स्ट्रेन कमी येतो! परवाच एक मावशी जिना चढून धापा टाकत आल्या, पोरानं तसंच झोपवून स्ट्रेन काढला, उणे १५. बीपी बघितलं तर १८०. अर्धा तास बसवलं, पाणी दिलं, १४० ला आल्यावर परत काढला, उणे १८.