विदर्भात न ठरवता गाडी काढताय? निदान या चुका टाळा

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत पूर्ण उघडला, आणि आमच्या कारंजा-दारव्हा पट्ट्यात एक नवीन पाहुणा दिसायला लागला. शुक्रवारी रात्री "चल, कुठंतरी जाऊ" म्हणून निघालेलं जोडपं. हॉटेल ठरलेलं नाही, रस्ता ठरलेला नाही, डिकीत दोन बॅगा आणि चिप्सची पाकिटं. त्यांना माझा विरोध नाही. लोणारचं विवर बघावं, मन झालं तर चिखलदऱ्याकडे वळावं, यात मजा आहेच. पण मुक्काम ठरवला नाही म्हणून वाटेत कुणाला काही विचारायचंही नाही, हे कुठलं शास्त्र? दर पावसाळ्यात त्याच चुका बघून आता कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

पांदणीत गाडी घालणे

ही पहिली आणि सगळ्यात महाग चूक. मोबाइलच्या नकाशाला डांबरी रस्ता आणि वावरात जाणारी पांदण यांतला फरक कळेलच असं नाही. त्याला रेघ दिसते आणि मिनिटं वाचताना दिसतात. उन्हाळ्यात त्या पांदणीतून छोटी कारही निघून जाते. पाऊस पडला की तीच पांदण गाडी गिळते. आमची काळी माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचा चाकाच्या दोन फेऱ्यांत भरतात, टायर गुळगुळीत होतो. मग मडगार्डच्या आत माती ठासत जाते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं.

पोळ्याच्या दिवशीची गोष्ट. पुण्याचं एक जोडपं कारंज्याला समृद्धीवरून उतरून टिपेश्वर अभयारण्याकडे निघालेलं. दारव्ह्याचा सरळ रस्ता समोर होता, पण नकाशाने आमच्या शिवारातून अकरा मिनिटं वाचवून दाखवली. बाई म्हणत होती, त्या आजोबांना विचारू. नवरा म्हणाला, मॅप दाखवतोय ना. पुढच्या वळणावर चाक फसलं. गडी घाबरला आणि त्याने ॲक्सिलरेटर दाबून धरला. गाडी पोटावर बसली.

चपला हातात घेऊन दोघं गावात आले. नवऱ्याने पहिलंच विचारलं, "बैलजोडी मिळेल का? पैसे देतो." पारावरचे म्हातारे एकमेकांकडे बघायला लागले. आदल्या दिवशी खांदशेकणी झालेली, बैलांच्या खांद्याला तूप-हळद लागलेली, शिंगं रंगवून झालेली. "आज जू नाही ठेवत बाप्पा खांद्यावर," एवढंच उत्तर मिळालं. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पोळा फुटू द्या, मंग येतो." म्हणजे जमलेले बैल आपापल्या घरी परतल्यावर. बाई आमच्याकडे पुरणपोळी जेवली आणि तोरणाखाली उभी राहून पोळा बघत बसली. नवऱ्याला धीर निघेना. त्याने चार पोरं गोळा केली, बंपरला दोर बांधला आणि ओढायला लावलं. बंपरच्या क्लिपा तुटून तो एका बाजूने लोंबायला लागला. गाडी जागची हलली नाही.

संध्याकाळी ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरवाल्याने दोराला हात लावण्याआधी डिकी उघडायला सांगितली. स्टेपनीच्या खाली, जॅकच्या पिशवीत एक जाड लोखंडी कडी होती. बंपरवर लहान चौकोनी झाकण असतं, ते काढून आत ती आट्यांवर फिरवून घट्ट बसवायची. ओढायचं ते तिथूनच. तीन वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाने ती कडी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली! मग फावड्याने चाकांपुढची माती काढली, कुणाच्या तरी आवारातून पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, भारा आणून चाकाखाली अंथरला, स्टिअरिंग सरळ धरायला लावलं आणि ट्रॅक्टर झटका न देता हळूहळू पुढे घेतला. गाडी निघाली. ट्रॅक्टरवाल्याने डिझेल आणि वर मेहनतीचे पैसे मोजून घेतले. घ्यायलाच पाहिजेत. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या घाईचं ओझं फुकट कोण उचलेल?

तेव्हा चाक जागच्या जागी फिरायला लागलं की पाय काढा. त्यानंतर जितकं रेटाल तितकी गाडी खाली जाते. आलात त्याच चाकोरीतून मागे निघता येतं का बघा. हवा भरायचा पंप जवळ असेल तर टायरची हवा वीसेक पीएसआयपर्यंत उतरवून बघा. पंप नसेल तर तो उद्योग करू नका, पुढे डांबरीवर त्या हवेत गाडी पळवता येत नाही.

रस्ता विचारायचीही पद्धत आहे. "गाडी जाते का?" असं विचारलं की समोरचा म्हणतो, "जाते न! काऊन नाही जात?" तो खोटं बोलत नाही. त्याच्या डोळ्यासमोर बंडी, म्हणजे बैलगाडी असते, नाहीतर स्वतःची मोटारसायकल. मी विचारतो, "एसटी जाते का?" जात असेल तरच गाडी घालतो. नकाशा काहीही म्हणो, पावसाळ्यात मी एसटीचा रस्ता सोडत नाही, आणि यावर माझ्याशी वाद घालायला येणारे बहुतेक लोक उन्हाळ्यात आलेले असतात.

रपट्यावरच्या पाण्याचा अंदाज घेणे

रपटा म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पूर आला की पाणी त्याच्यावरून वाहतं. त्या पाण्याचा अंदाज घ्यायचाच नसतो. इकडे आभाळ कोरडं असतं आणि वर कुठंतरी बदाबदा पडलेलं असतं, म्हणून ऊन पडलेलं असतानाही नाला भरून येतो. फूटभर वाहतं पाणी लहान कारला तरंगवायला पुरतं, आणि गढूळ पाण्याखाली रपटा शाबूत आहे की वाहून गेला हे दिसत नाही. पलीकडून एखादा ट्रक निघून आला की मागे रांगेतल्या कारवाल्यांना जोर येतो. अरे, त्याचं वजन किती, तुझं किती! आमचे नाले चढतात तसे उतरतातही. दोन-तीन तास चहाच्या टपरीवर बसायची तयारी ठेवा. भामरागडची गोष्ट मात्र वेगळी. पर्लकोटा नदीला पूर आला की तिकडचा संपर्कच तुटू शकतो. त्याच बाजूचं हेमलकसा बघायचं असेल तर दिवाळीनंतर जा.

विदर्भ एका शनिवार-रविवारात उरकणे

शेगावची कचोरी खाऊन हेमलकशाला निघालेले भेटले आहेत. पाचशेच्या घरातलं अंतर आहे ते, तेही आलापल्लीनंतर जंगलातून. समृद्धीवर ताशी १२० ची मुभा असते, त्या सवयीने लोक पुढचा हिशोब मांडतात. तालुक्याच्या रस्त्यावर मी तासाला पस्तीस किलोमीटर धरतो आणि तेवढेच होतात. एक कोपरा निवडा. लोणार आणि सिंदखेडराजा, किंवा चिखलदरा आणि गाविलगड, किंवा सेवाग्राम आणि पवनार. लोणारसाठी मेहकरला उतरायचं. उतरायचं ठिकाण चुकलं तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत गुपचूप जा. मधेच थांबून गाडी मागे घेणाऱ्यांबद्दल बोलायची इच्छा नाही.

अंधारात गाडी चालवणे

दिवस मावळायच्या आत मुक्कामाला लागा. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर संध्याकाळीच रस्ता ओलांडतात. रोह्याची उंची अशी की धडक बसली तर तो बॉनेटवरून थेट काचेवर येतो. दिवाळीच्या सुमारास रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं सोयाबीन आणि त्याभोवती मांडलेले दगड असतात. दगड अंधारात दिसत नाहीत. कापसाच्या गाड्या रस्त्याची दीड बाजू अडवून चालतात, बंडीला मागचा दिवा नसतो.

मुक्काम रात्री नऊला शोधणे

लग्नसराईत तालुक्याच्या गावातली लॉज भरलेली असतात. सरकारी विश्रामगृह आधी आरक्षण केल्याशिवाय मिळत नाही, आणि मिळालं तरी कुणी साहेब आले की खोली सोडावी लागू शकते. दोघांचंही ओळखपत्र जवळ ठेवा. एकाचंच दाखवलं की लहान गावात प्रश्न सुरू होतात, मग चिडून उपयोग नाही. मी दुपारी जेवतानाच फोन करून खोली धरून ठेवतो. न ठरवलेल्या सहलीतही एवढं ठरवता येतं.

ताडोबाचंही तसंच. मंगळवारी ते बंद असतं, आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. हे गेटवर पोहोचून कळण्यासारखी गोष्ट नाही.

बाकीच्या बारीकसारीक. मे महिन्यात बारा ते चार गाडी सावलीत लावा, तुम्हीही सावलीत बसा. टायरची हवा सकाळी थंड असताना तपासा. मेळघाट आणि गडचिरोलीत पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. रोख पैसे ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या. सावजी रस्सा पहिल्यांदा खात असाल तर पुढे दोन तास गाडी चालवायची नाही अशा दिवशी खा.

आणि डिकीतली बाटली. वर्धा आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे दारूबंदीचे आहेत, गडचिरोली तर १९९३ पासून. चंद्रपूरची बंदी २०२१ मध्ये उठली, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडचीच उठली. नाकाबंदीत "आम्ही नुसते जातोय इथून" हे उत्तर चालत नाही. ती घरीच ठेवून या.